त्र्यंबकच्या खरपुडीचे नाव

नाशिक रोड,
११ ऑक्टोबर १९८१

चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र कामाचे आहे, आणि कामाचे पत्र तू न वाचता ठेवणार नाहीस, या भरवशावर लिहितो आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून माझ्या पत्रांना तुझे उत्तर नाही. त्याविषयी इथे काही लिहीत नाही.

सह्याद्रीच्या वनस्पतींचा जो नवा ग्रंथ निघतो आहे, त्यातले खरपुडीचे प्रकरण संपादकांनी माझ्याकडे दिले आहे. कंदिलासारखे फूल असलेल्या या वेलीच्या मागे आई, तू आणि मी, आपण तिघांनी किती पावसाळे घालवले, ते तुला सांगायला नको. प्रकरण जवळजवळ पुरे झाले आहे. एका नावाशी मात्र मी अडलो आहे, आणि ते नाव तुझ्या कामाला जोडलेले आहे. तुला सारे पाठ असले तरी मी मुळापासून मांडतो. माझी मांडणी कुठे घसरली, तर तुझ्या लगेच लक्षात येईल.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव वर्णनाला बांधलेले नसते, चित्रालाही नसते. ते एका ठरावीक वाळलेल्या रोपाला बांधलेले असते. त्याला आपण आधारनमुना म्हणतो. तो देखणा असावा लागत नाही, पुरा असावा लागत नाही. किडीने निम्मा खाल्लेला असला तरी चालतो. वजनमापे खात्याच्या कपाटातला मानक किलो जसा असतो, तसाच हा. बाजारातल्या सगळ्या वजनांनी त्याच्याशी जुळायचे. त्याने कुणाशी जुळण्याचा प्रश्न येत नाही. उद्या कोणी विचारले, 'या नावाचे झाड नेमके कोणते?', तर आपण कपाट उघडतो आणि बोट ठेवतो: हे.

घोटाळा होतो तो जुन्या नावांचा, कारण जुन्या लोकांना असे एकावर बोट ठेवायची सवय नव्हती. डॉ. पेल्हॅम या लष्करी डॉक्टराने १८६२ मध्ये आपल्या खरपुडीचे वर्णन केले आणि तिला 'दिवा' या अर्थाचे लॅटिन नाव दिले, सेरोपेजिया लुसर्ना. वर्णनाखाली त्याने दोन ठिकाणचे नमुने नोंदवले: एक त्याने स्वतः त्र्यंबकच्या डोंगरात घेतलेला, दुसरा मित्राने सावंतवाडीहून पाठवलेला. दोन्ही एकच जात, असे तो धरून चालला. त्या दोन जाती आहेत, हे तू १९७८ च्या निबंधात दाखवलेस. त्र्यंबकचा नमुना हरवला असे सगळेच मानत होते. सावंतवाडीचा तेवढा तुमच्या कलकत्त्याच्या संग्रहालयात होता. म्हणून जुने नाव तू कोकणच्या वेलीकडे दिलेस. त्र्यंबकची वेल बिननावाची राहिली, आणि तिला तू आईचे नाव दिलेस: सेरोपेजिया सगुणाए. आधार म्हणून तिनेच खणून काढलेले रोप निवडलेस, 'सगुणा पगारे, क्रमांक १७'.

त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर तुझा निष्कर्ष निर्दोष होता. हे मी आधीच लिहून ठेवतो.

विनंती एवढीच की, सावंतवाडीचा नमुना ज्या शीटवर चिकटवला आहे, तिचे छायाचित्र आणि फुलांची मापे पाठवावीस. लंडनलाही मी एक चौकशी केली आहे.

घरी सर्व ठीक.

तुझे,
नाना


नाशिक रोड,
३ डिसेंबर १९८१

चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

छायाचित्र आणि मापे पोहोचली. सोबतचे पत्र कार्यालयाच्या कागदावर, 'आपल्या पत्रास अनुसरून' असे सुरू होणारे होते. मापे नेहमीसारखीच चोख आहेत; नळीचे माप तू खालून वर घेतलेस की वरून खाली, तेही लिहिले आहेस. ही सवय फार थोड्यांना असते.

मागच्या पत्रात लंडनच्या चौकशीचा उल्लेख केला होता. उत्तर तेव्हा आलेले होते. सप्टेंबरातच आले होते.

पेल्हॅमचा त्र्यंबकचा नमुना हरवलेला नाही. लंडनला पोहोचला तेव्हा त्याची फुले गळून एका पुडीत गेली होती, आणि बिनफुलाची वेल पाहून कोणीतरी ती भलत्याच वेलींच्या गठ्ठ्यात लावली. तिथे ती शंभरावर वर्षे राहिली. पुडी मात्र शीटला चिकटलेली आहे. शीटवर पेल्हॅमच्या अक्षरात 'त्र्यंबक' आहे, आणि कोपऱ्यात त्याने उकललेल्या फुलाचे पेन्सिलीचे चित्र काढले आहे. तू हे चित्र पाहायला हवेस! फुलाच्या आतला मुकुट त्याने इतका बारकाईने काढला आहे की, टोके एकमेकांना ओलांडून जाताना दिसतात.

आता वर्णन शेजारी ठेव. 'पाकळ्यांची टोके नळीहून लांब': त्र्यंबकला लागू, सावंतवाडीला नाही. 'नळी तळाशी फुगलेली': त्र्यंबकला. मुकुटाच्या टोकांचे वर्णन चित्राशी जुळते. याच्या उलट 'पाने रुंद' आणि 'खोड गुळगुळीत' हे सावंतवाडीचे आहे. म्हणजे पेल्हॅमने फूल एकाचे घेतले आणि पाला दुसऱ्याचा. खरपुडीची ओळख मात्र फुलात असते, पाल्यात नाही.

महाविद्यालयाच्या कपाटातून मी लाल कडेचे पाकीट काढले. आधारनमुने तसल्या पाकिटात ठेवायचे, हे आईला फार आवडायचे. 'लाल काठाचं लुगडं' म्हणायची ती त्याला. सतरा नंबरची शीट लंडनच्या छायाचित्राशेजारी ठेवली. लेबलावर तिच्या अक्षरात जागा आहे: 'गेणूच्या खाचराच्या वर, वाकलेल्या करवंदीपाशी.' दोन्ही रोपे एका बियाण्याची वाटतात.

पुढचे तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो. लंडनची शीट आधारनमुना ठरली, तर लुसर्ना हे नाव त्र्यंबकच्या वेलीकडे परत येते. जुने नाव असताना नवे चालत नाही. सगुणाए हे उपनाम, म्हणजे त्याच जातीचे मागे पडलेले दुसरे नाव, होते. उपनाम पुसले जात नाही, हे ध्यानात घे. जिथे जिथे मुख्य नाव छापले जाईल, तिथे तिथे खाली तेही छापावे लागेल.

संपादकांना मार्चअखेर प्रकरण हवे आहे.

तुझे,
नाना


नाशिक रोड,
२७ फेब्रुवारी १९८२

चि. उत्पला हिस,

तुझे कार्ड आले. 'आधी भिंतीवरून, आता पुस्तकातून.' एवढेच एक वाक्य. पोस्टमन गोटीराम जोडाक्षरे जुळवत ते मोठ्याने वाचतच फाटकातून आत आला, म्हणून ते मला आणि लताबाईंना एकदमच कळले.

भिंतीचे आधी. आईची तसबीर पुढच्या खोलीतून माझ्या अभ्यासाच्या खोलीत गेली, हे खरे आहे. तिथे मी दिवसातला बराच वेळ असतो. हे कारण तुला पटणार नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

माझी पत्रे अशी सगळे फोडून का सांगतात, याचे तुला नवल वाटले असेल. लिहून झाले की ती मी लताबाईंना वाचून दाखवतो. आमचे लग्न झाल्यापासून त्यांनी एकच हट्ट धरला आहे: 'तुमच्या पोरीला तुम्ही काय लिहिता, ते मला कळलं पाहिजे. नंतर कोणी म्हणायला नको, मागून काही शिजवलं.' त्या चौथीच्या वर्गाला शिकवतात. आधारनमुन्याची गोष्ट ऐकून म्हणाल्या, 'म्हणजे एका दाखल्यावर दोन पोरांचे फोटो चिकटलेत, आणि दाखला कुणाचा ते ठरवायचंय.' मी गेली कित्येक वर्षे वर्गात याहून चांगला दृष्टान्त दिलेला नाही.

आता जे लिहितो ते त्यांच्यासमोर घडलेले आहे. नियम सांगतो की, दोन नमुन्यांतून जो पहिल्यांदा एकाची निवड छापील स्वरूपात जाहीर करील, त्याची निवड पुढच्यांनी पाळायची. ती वर्णनाच्या सरळ विरोधात गेली तरच मोडता येते. १९७८ मध्ये तू जुने नाव कोकणच्या वेलीकडे दिलेस, पण त्याचा आधारनमुना म्हणून कोणतीही शीट जाहीर केली नव्हतीस. सावंतवाडीची शीट सरळ विरोधात जात नाही. रुंद पाने आहेत, गुळगुळीत खोड आहे. तेवढ्यावर बाजू मांडता येते. मी एक परिच्छेद टंकून काढला. त्यात सावंतवाडीची शीट आधारनमुना ठरवली आहे, आणि सगुणाए हे नाव टिकले आहे. सगळी वाक्ये खरी आहेत. फक्त मुकुटाच्या चित्राचा उल्लेख नाही.

लताबाई म्हणाल्या, 'पाठवा की मग! राहू द्या तिच्या आईचं नाव. माझं काय जातंय? उलट ते निघालं, तर कॉलनीतल्या सुलाबाई उद्या नळावर सांगत सुटतील, नवीन आली आणि जुनीला झाडावरूनसुद्धा उतरवलं.'

मी म्हणालो, 'ते चित्र लंडनला आहे. दहा वर्षांनी कोणीतरी पाहील.'

'पाहू दे. तेव्हा आपण असू का?'

'उत्पला असेल.'

परिच्छेद टेबलाच्या खणात आहे. संपादकांना मी कळवले आहे की, या एका नावापुरती जागा मोकळी ठेवावी. निवड तू कर. सावंतवाडीची शीट तुझ्या हाताशी आहे. लंडनची छायाचित्रे मी या पत्रासोबत पाठवतो आहे. तू जे छापशील, ते मी ग्रंथात घेईन.

तुझे,
नाना


नाशिक रोड,
५ जुलै १९८२

चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

'स्वतःच्या हाताला लागू नये म्हणून माझ्या हातात दिलेत', असे तू लिहिले आहेस. हा आरोप मी चार महिने उलटसुलट करून पाहिला. त्यात तथ्य आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. वर्गात असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मी निम्मे गुण देत असे.

तुझी मागणी मात्र अगदी योग्य आहे. दाबून वाळवलेल्या फुलात मुकुट चपटा होतो. त्याची टोके मुळात एकमेकांना ओलांडत होती की दाबाने एकमेकांवर पडली, हे खात्रीने सांगता येत नाही. पेल्हॅमने चित्र दाबण्याआधी काढले की नंतर, यावर सारे अडले आहे. म्हणून त्र्यंबकच्या वेलीचे ताजे फूल, स्पिरिटमध्ये बुडवलेले, तुला हवे आहे. ते आणि चित्र तंतोतंत जुळले, तर पेल्हॅमने ताजे त्र्यंबकचे फूलच पाहिले होते, हे सिद्ध होईल. आपण चौऱ्याहत्तर साली स्पिरिटच्या बाटल्या भरल्या होत्या. मी पाहिल्या. त्यांत दरवर्षी स्पिरिटची भर घालायची असते. मी निवृत्त झाल्यावर ती कोणी घातली नाही. तळाशी तपकिरी चुरा आहे.

वेल भाद्रपदात फुलेल. माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये आहे. वाकायचे नाही, चढायचे नाही, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. तरी काहीतरी व्यवस्था करतो.

तुझे,
नाना


नाशिक रोड,
१६ सप्टेंबर १९८२

चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

अक्षर परके वाटेल. डोळ्यावर पट्टी आहे. मी सांगतो आहे आणि लताबाई लिहीत आहेत.

सोबतच्या लाकडी खोक्यात कापसात गुंडाळलेली बाटली आहे. तीत त्र्यंबकच्या वेलीची तीन फुले आहेत. बाटलीवर आणि बाटलीच्या आत, अशी दोन लेबले आहेत. आतले पेन्सिलीने लिहिले आहे, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. लेबलावर फूल तोडणाऱ्याचे नाव लागते. मी गेलो नव्हतो. म्हणून तिथे ज्यांनी तोडले त्यांचे नाव आहे, आणि त्यांनी घेतलेला हा पहिलाच नमुना असल्याने क्रमांक १ आहे. माझे नाव घालण्याचा विचार मनात आला होता. तो मी सोडला.

नमुना अपूर्ण आहे. कंद घेतलेला नाही. याबद्दल मी माझी नापसंती नोंदवली आहे.

तुझे,
नाना

सरांनी इथे अंदाजाने सही केली आणि आत जाऊन पडले. पुढचे मी माझ्या मनाने लिहिते. हे त्यांना वाचून दाखवणार नाही. नियम मीच केला आणि मीच मोडते.

रविवारी पहिल्या एसटीने त्र्यंबकला गेले. तुझ्या आईच्या लेबलावरच्या गेणूचे घर सापडले. तो माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, 'बाई, तुम्ही त्या पहिल्या बाईंच्या कोण?' मी म्हणाले, 'धाकटी.' तो पहार घेऊन पुढे निघाला. चढावर मात्र मागे वळून वळून सांगत होता, 'लय हळू चालता तुम्ही. त्या बाई शेळीवानी चढायच्या.' मी म्हटले, 'शेळी असते तर तुझं गवत खाऊन मोकळी झाले असते. तू चल पुढं.'

करवंदी अजून वाकलेलीच आहे. तिच्या आडोशाला वेल होती. मी खरपुडी पहिल्यांदाच पाहिली. हिरवट, आतून जांभळी, खरेच कंदिलासारखी. सरांनी सांगितल्याप्रमाणे फुले देठासकट कापली आणि लगेच बाटलीत टाकली. गेणू पहार घेऊन खाली बसला. 'कंद काढू का? सर कंदाबिगर घेत नाय. अन् गोड बी लागतो.' मी नको म्हटले. खणले की वेल संपते, एवढे मलाही कळते. ती तुझ्या आईची वेल आहे. नमुना अर्धा राहिला तर राहू दे.

तसबिरीचे सांगते. ती हलवा असे मी म्हटले नव्हते. हलवली तेव्हा हलवू नका, असेही म्हटले नाही. खरे तेवढे हेच.

तो टंकलेला कागद अजून खणात आहे. पट्टी बांधलेली असताना ते खण उघडून हाताने चाचपतात. तू जे ठरवशील ते लवकर ठरव.

लता


नाशिक रोड,
२५ जानेवारी १९८४

चि. उत्पला हिस,
सप्रेम जयभीम.

तुझा छापील निबंध परवा रजिस्टर टपालाने आला. पाकिटात पत्र नव्हते. मी पाकीट उलटे करून झटकले, आत बोट फिरवून पाहिले, आणि मग वाचायला बसलो.

निबंध उत्तम आहे. हे मी तुझा शिक्षक म्हणून लिहितो. स्पिरिटमधल्या फुलाचे चित्र तू पेल्हॅमच्या चित्राशेजारी, त्याच आकारात आणि त्याच बाजूने काढून छापलेस, आणि वाद जिथल्या तिथे मिटला. टोके ओलांडतात, ती दाबाने पडलेली नाहीत. लंडनची शीट आधारनमुना म्हणून तू जाहीर केलीस. सावंतवाडीची वेल बिननावाची झाली. तिला तू तिच्या गावावरून नाव दिलेस, कोणा माणसावरून दिले नाहीस. ते मला समजले.

लताबाईंनी वाचून दाखवा म्हटले. इंग्रजीचे मराठी करत मी तो मुख्य परिच्छेद वाचला. वर: सेरोपेजिया लुसर्ना. त्याखाली: आधारनमुना, त्र्यंबक, पेल्हॅम, इथे निवडलेला. त्याखाली उपनाम: सेरोपेजिया सगुणाए, तिचा आधारनमुना, सगुणा पगारे, १७. त्याखाली, पाहिलेले इतर नमुने: लता पगारे, १; 'फुले स्पिरिटमध्ये; कंद घेतलेला नाही.'

त्यांनी मला थांबवले. 'माझं नाव तिनं लिहिलं?'

मी म्हणालो, 'नियमच आहे. जो नमुना वापरला, त्याचा घेणारा नोंदवावा लागतो.'

'नियम असेल. पण लिहिणारा हात तिचाच ना?'

त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. आईच्या ओळीपाशी आणि स्वतःच्या ओळीपाशी बोट ठेवून पाहिले. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येतात. 'सतरा वर, एक खाली,' एवढेच म्हणाल्या आणि शाळेला गेल्या.

खणातला परिच्छेद मी बंबात घातला. तसबीर आज पुढच्या खोलीत परत आली आहे. खिळा लताबाईंनी ठोकून घेतला. माझा नेम अजून नीट लागत नाही. हे मी तुला खूश करायला लिहीत नाही. तू पाहायला आलीस, तर भिंतीवर जुन्या खिळ्याचे भोक आणि नवे भोक, दोन्ही दिसतील.

काल महाविद्यालयात जाऊन सतरा नंबरची शीट पाहिली. तिथल्या नव्या प्राध्यापकांना वाटले होते की, नाव उपनाम झाले म्हणजे नमुना साध्या पाकिटात जाईल. मी त्यांना समजावले की, तसे होत नाही. नाव चालो वा न चालो, ते ज्याला बांधले आहे तो नमुना आधारनमुनाच राहतो. ती लाल कडेच्या पाकिटातच आहे, आणि तिथेच राहील.

राहता राहिला अपूर्ण नमुना. तुझी छापील टीप बरोबर आहे आणि शास्त्राच्या दृष्टीने ती उणीव आहे. ती भरून काढायला मला आता डोळा आहे, गेणूकडे पहार आहे आणि रस्ता ठाऊक असलेल्या लताबाई आहेत. तरी गेल्या भाद्रपदात आम्ही दोघे करवंदीपर्यंत जाऊन, वेल पाहून, तशीच ठेवून परत आलो. खणायचे की नाही, हे मी ठरवणार नाही, आणि त्याही ठरवणार नाहीत. भाद्रपदात तू ये आणि ठरव. कंद जागेवर आहे.

तुझे,
नाना